महाद्वारासमोरची पावले
(श्रीक्षेत्र पंढरपूरच्या यात्रेत पाहावयाची काही ऐतिहासिक स्थाने : एक अभ्यास)

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे येणारा बहुतेक यात्रेकरू चंद्रभागेचे स्नान, भक्त पुंडलिकाचे दर्शन, श्रीविठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन आणि प्रदक्षिणा असा क्रम मनात धरून येतो. हा क्रम योग्य आणि परंपरेस धरूनच आहे. परंतु पंढरपूर हे जसे भक्तीचे क्षेत्र आहे, तसेच ते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचेही क्षेत्र आहे. सातशे वर्षांच्या काळात या गावातील काही जागांवर अशा घटना घडल्या, की त्यांनी मराठी समाजाच्या मनाला वळण दिले. या जागांपैकी दोन महत्त्वाच्या जागा मंदिराच्या पूर्वेकडील महाद्वारासमोर, एकमेकींपासून थोड्याच पावलांवर आहेत. पदस्पर्श दर्शनाची रांग दर्शनमंडपातून जात असल्यामुळे महाद्वारासमोर शांतपणे उभे राहणे अनेकांकडून राहून जाते. प्रस्तुत लेखात या व इतर काही स्थानांची माहिती यात्रेकरूंनी ज्या क्रमाने ती पाहावीत त्याच क्रमाने दिली आहे.

१. चंद्रभागेचे वाळवंट

भीमा नदी पंढरपूरपाशी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून येथे तिला चंद्रभागा म्हणतात. नदीच्या पात्रात पुंडलिकाचे मंदिर असून काठावर अनेक घाट आहेत. या पात्रातील वाळूचा विस्तार म्हणजेच वारकरी संप्रदायात प्रसिद्ध असलेले वाळवंट होय.

यात्रेचा आरंभ येथून करावा, यास स्नानाव्यतिरिक्त आणखी एक कारण आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत संत नामदेवांच्या कीर्तनास जी मंडळी जमत, त्यांत नाना जातींचे व व्यवसायांचे लोक होते. स्वतः नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई दासी आणि चोखोबा महार. वाळवंटास भिंत नाही, उंबरठा नाही, म्हणून येथे कोणास अडवण्याचा प्रश्नच नव्हता. आजही वारकरी एकमेकांस भेटल्यावर वय, जात वा मान न पाहता परस्परांच्या पाया पडतात, ती रीत याच वाळवंटात रुजली, असे संप्रदाय मानतो.

महाद्वार घाटाच्या पायऱ्या चढून यात्रेकरू सरळ महाद्वाराकडे येतो. हे अंतर अगदी थोडे आहे. परंतु वाळवंटातील समता हे थोडे अंतर चालून देवळाच्या आत पोहोचण्यास सहा शतकांहून अधिक काळ लागला. या लेखाचा विषय तोच आहे.

२. नामदेव पायरी

मंदिराच्या महाद्वाराची पहिली पायरी ‘नामदेव पायरी’ या नावाने ओळखली जाते. संत नामदेवांचा जन्म शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० मधील मानला जातो. ज्ञानेश्वर महाराजांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली, पुढे ते उत्तरेत गेले व पंजाबात दीर्घकाळ राहिले. त्यांची ६१ पदे शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे तीर्थ झाले असून २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी महाद्वारी समाधी घेतली व त्यांच्या कुटुंबीयांनीही त्यांच्याबरोबर देह ठेवला, अशी परंपरा आहे. देवाच्या दर्शनास येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने त्यांनी पायरीची जागा निवडली, असे वारकरी सांगतात. त्यामुळे भाविक या पायरीवर पाय देत नाहीत. हाताने स्पर्श करून, मस्तक टेकवून पुढे जातात.

ज्यांना देवळात जाण्याचा अधिकार होता, त्यांनी आपणहून देवळाच्या दारातील पायरी होणे पत्करले, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. कारण आता ज्या समाधीकडे वळावयाचे आहे, तेथील संतास असा पर्याय कधी मिळालाच नाही.

३. संत चोखामेळा यांची समाधी

नामदेव पायरीकडे पाठ करून उभे राहिल्यास समोरच संत चोखामेळा यांची समाधी दिसते. दोन समाधींमधील अंतर काही पावलांचे आहे. यात्रेकरूंनी हे अंतर स्वतः चालून पाहावे.

चोखोबा मंगळवेढ्यास राहत. मंगळवेढे पंढरपूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांचे अभंग उपलब्ध आहेत. शिक्षणाची व देवदर्शनाची दारे ज्यांच्यासाठी बंद होती, अशा एका घरातील पाच व्यक्तींनी अभंगरचना करावी, ही भारतीय संतसाहित्यातील विलक्षण घटना होय. चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत विठ्ठलाविषयीचे उत्कट प्रेम आहे, तसेच जन्माच्या आधारे माणसास दूर ठेवण्याविषयीची खोल वेदनाही आहे. कर्ममेळांच्या अभंगांत तर ही वेदना देवालाच जाब विचारते.

चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांना चंद्रभागेपलीकडे राहावे लागले आणि तेथून ते देवासाठी दीप लावीत, अशी कथा परंपरेने जपली आहे. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून अनेक मजुरांसह चोखोबांचा अंत झाला. नामदेव मंगळवेढ्यास गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या व पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी कथा सांगितली जाते.

या कथेतील चमत्काराचा भाग भाविकाने श्रद्धेने घ्यावा. परंतु तिच्यातील दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. पंढरपुरात विठ्ठलाच्या दारासमोरची जागा म्हणजे सर्वांत मानाची जागा. नामदेवांनी आपल्या मित्रास ती मिळवून दिली. त्यापुढे दाराच्या आत मात्र नामदेवांसही त्यांना नेता आले नाही. मृत्यूनंतरही चोखोबा देवासमोर राहिले, परंतु बाहेर राहिले.

४. समाधीपाशी थांबलेली वारी

पुढील सहाशे वर्षे ही समाधी केवळ स्मारक नव्हती. ती सीमारेषा झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे वारकरी इतरांप्रमाणेच शेकडो मैल पायी चालून पंढरीस येत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असे, एकादशीचे व्रत असे, मुखी तेच अभंग असत. परंतु महाद्वारी आल्यावर त्यांची वारी चोखोबांच्या समाधीपाशी संपे. तेथूनच कळसाचे दर्शन घेऊन ते परत फिरत.

या गोष्टीकडे पाहताना कोणा एका घराण्यास वा एका पिढीस दोष देणे पुरेसे होणार नाही. चोखोबांचे अभंग ज्या मंडळींना पाठ होते व जी ते डोळ्यांत पाणी आणून गात होती, त्यांनाही समाधीपाशी थांबलेला माणूस दिसत नव्हता, हे या इतिहासातील सर्वांत कठीण सत्य आहे.

विसाव्या शतकात हे चित्र बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२९ मध्ये पुण्यास पर्वती मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांनी त्यात भाग घेतला व कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी तो अनेक वर्षे नेटाने चालवला. तथापि मंदिर न उघडताच तो थांबवावा लागला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये त्रावणकोर संस्थानच्या महाराजांनी मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा काढून आपल्या राज्यातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने विश्वस्तांनी ठरवल्यास मंदिर खुले करण्याची वाट करून दिली, परंतु ती विश्वस्तांच्या इच्छेवर अवलंबून होती. पंढरपूरचे दार बंदच राहिले.

५. तनपुरे महाराजांचा मठ : दहा दिवसांचे उपोषण

पंढरपुरातील श्री तनपुरे महाराज मठ हे या अभ्यासयात्रेतील चौथे स्थान होय. येथे १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी श्रीविठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी प्राणांतिक उपोषण आरंभिले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेर येथे ते शिक्षक होते. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून महाराष्ट्रास लाभली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्या पुस्तकातील आई आपल्या मुलास, वाटेत खोळंबलेल्या महार वृद्धेच्या डोक्यावर मोळी उचलून देण्यास सांगते, हा प्रसंग अनेक वाचकांना आठवत असेल. त्या आईचा मुलगा पुढे पंढरपूरच्या दारात येऊन बसला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

गुरुजींनी पंढरपूरच का निवडले, याचे कारण सरळ आहे. पंढरपूर हे महाराष्ट्राचे हृदय आहे, गावोगावची माणसे येथे येतात व येथून परत गावोगावी जातात. येथे जे घडेल ते प्रत्येक गावच्या मारुतीच्या देवळापर्यंत आणि विहिरीपर्यंत पोहोचेल, अशी त्यांची धारणा होती. उपोषण प्रथम १९४६ च्या कार्तिकी एकादशीस सुरू व्हावयाचे होते. आधी लोकांस समजावून सांगावे, या विचाराने ते पुढे ढकलून गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मंडळी गाणी व पथनाट्ये घेऊन त्यांच्यासमवेत होती. या दौऱ्यात अनेक गावांनी आपणहून मंदिरे व पाणवठे खुले केले. म्हणजे पंढरपूरच्या आधी पंढरपूरची वाट मोकळी होऊ लागली होती.

तरीही मंदिराचे दार उघडले नाही, तेव्हा उपोषण सुरू झाले. पंढरपुरात त्या वेळी तीव्र विरोधाचे वातावरण होते. अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात गुरुजींना जागा दिली. वारकरी परंपरेतील एका मठाने हे उपोषण आपल्या छायेत घ्यावे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. मंदिरप्रवेशाचा आग्रह हा परंपरेवरील बाहेरचा आघात नसून परंपरेच्या अंतःकरणातूनच आलेली हाक होती, याची ती साक्ष होय.

ऐन वैशाखातील उन्हाळ्यात दिवस जात होते. गुरुजींची प्रकृती खालावत होती. गांधीजींनीही उपोषण थांबवण्याविषयी त्यांना कळवले होते, परंतु गुरुजी आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. पुजारी मंडळींशी बोलणी झाली आणि मंदिर सर्वांसाठी खुले करण्यास संमती मिळाली. १० मे १९४७ रोजी गुरुजींनी उपोषण सोडले. भारताचा स्वातंत्र्यदिन त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी आला.

ज्यांचे स्वतःचे नाव पांडुरंग, त्यांनी पांडुरंगाच्या दारासाठी प्राण पणास लावले. मागणी स्वतःच्या प्रवेशाची नव्हती. त्यांच्यासाठी दार कधीच बंद नव्हते. जे दार आपल्याला उघडे आहे परंतु शेजाऱ्याला बंद आहे, त्या दारातून आत जाण्यात समाधान वाटू नये, हा त्या दहा दिवसांचा अर्थ आहे.

६. कायदा, राज्यघटना आणि त्यानंतर

१९४७ मध्येच मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा नवा कायदा केला. प्रवेश आता विश्वस्तांच्या इच्छेवर राहिला नाही, तो हक्क झाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली व तिचे आचरण दंडनीय ठरवले. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याची तरतूद अनुच्छेद २५ मध्ये आहे.

मंदिराच्या व्यवस्थेतही पुढे बदल झाले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम केला. त्याविरुद्ध दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला व १९८५ पासून मंदिराचा कारभार शासनाने नेमलेल्या समितीकडे आला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वंशपरंपरागत हक्कांचा वाद संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेअर्चेच्या सेवेसाठी सर्व जातींतील स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे अंतर कायद्याच्या व व्यवस्थेच्या दृष्टीने असे टप्प्याटप्प्याने कापले गेले.

तथापि हा इतिहास केवळ विजयाची कथा म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दार उघडले, परंतु फार उशिरा उघडले. नाशिकच्या दारातून परत पाठवलेल्या असंख्य माणसांचा मंदिरावरील विश्वास तोपर्यंत उडाला होता. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ज्यांनी चोखोबांविषयीचा आदर जपला परंतु देवळाकडे पाठ फिरवली, त्यांच्या निर्णयामागे चोखोबांच्याच समाधीपाशी सहाशे वर्षे थांबवलेली वारी होती, हे भाविकांनी समजून घेतले पाहिजे. उशिराचे मोल असे द्यावे लागते.

७. चौऱ्याऐंशीचा शिलालेख

मंदिराच्या आत ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ म्हणून प्रसिद्ध असलेला लेख आहे. या शिळेस पाठ घासल्याने चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत भाविकांत रूढ झाली व त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात हा लेख म्हणजे देणगीदारांची नोंदवही आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात श्रीविठ्ठलाच्या मंदिरासाठी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे व दानाच्या रकमा त्यात कोरल्या आहेत. देवगिरीचे यादव राजे रामदेवराव आणि त्यांचे मंत्री हेमाद्री पंडित यांचे उल्लेख त्यात आहेत, तसेच लहान रकमा देणाऱ्या सामान्य भक्तांचेही आहेत. हा लेख कोरला जात असता नामदेव लहान बालक होते.

मंदिरास देणगी देणाऱ्या आजच्या दात्यांनी हा लेख आवर्जून लक्षात ठेवावा. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव दगडावर राहिले, यात त्याच्या दानाचा गौरव आहेच. परंतु त्याच काळात व त्यानंतर कित्येकांनी या देवास जे दिले, त्याची नोंद कोणत्याही शिळेवर नाही. समाधीपाशी थांबून कळसास हात जोडणाऱ्या वारकऱ्याने आपली सारी वाट, सारे श्रम आणि न मिळालेले दर्शनही देवास अर्पण केले होते. दानाचा विचार करताना शिळेवरील नावांबरोबर ही न कोरलेली नावेही मनात असावीत.

८. संत चोखामेळा धर्मशाळा

या क्रमातील शेवटचे स्थान गाडगे महाराजांच्या कार्याशी निगडित आहे. गाडगे महाराजांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर अशा अनेक क्षेत्री लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या. वारीच्या काळात हातात खराटा घेऊन पंढरपूर झाडणे व रात्री कीर्तनातून लोकांस शहाणे करणे, हीच त्यांची विठ्ठलसेवा होती. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना उतरण्यास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. दर्शनाचे दार उघडणे त्यांच्या हाती नव्हते. निदान भिजत्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असावे, एवढे त्यांनी पाहिले.

१९४९ मध्ये गाडगे महाराजांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी दिली. धर्मशाळेची गरज ओसरत आहे व वसतिगृहाची गरज वाढत आहे, हे त्या निरक्षर साधूने ओळखले. दानाने उभी राहिलेली वास्तू काळाची गरज पाहून दुसऱ्या सत्कार्यास मोकळ्या मनाने देणे, हा धर्मादाय कार्यातील मोठा धडा आहे.

९. ही स्थाने कशी पाहावीत

वरील सर्व स्थाने पाहण्यास एक दिवस पुरतो. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या सुमारास गर्दी अतिशय असते. अभ्यासाच्या दृष्टीने पाहावयाचे असल्यास इतर दिवस, त्यातही सकाळची वेळ, सोयीची ठरते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(अ) प्रथम वाळवंटात जावे. पुंडलिकाचे दर्शन घेऊन काही वेळ तेथे बसावे.

(आ) महाद्वार घाटाने वर यावे. मंदिरात जाण्यापूर्वी चोखोबांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. दर्शनाच्या रांगेत आधी उभे राहू नये.

(इ) समाधीपाशी उभे राहून कळसाकडे पाहावे. ज्यांची वारी येथेच संपत असे, त्यांचे स्मरण करावे. बरोबर मुले असल्यास त्यांना हा इतिहास त्यांच्या समजुतीच्या शब्दांत अवश्य सांगावा.

(ई) तेथून नामदेव पायरीपर्यंत चालावे, पायरीस हाताने स्पर्श करावा व नंतर दर्शनाच्या रांगेकडे जावे.

(उ) दर्शनानंतर तनपुरे महाराज मठास भेट द्यावी. मठ हे उपासनेचे स्थान असल्यामुळे तेथील नित्यक्रमात व्यत्यय येणार नाही अशी काळजी घ्यावी.

(ऊ) सवड असल्यास मंगळवेढ्यास जाऊन यावे. चोखोबांच्या जीवनाची व अंताची भूमी ती आहे. संत दामाजी व संत कान्होपात्रा यांच्यामुळेही ते गाव प्रसिद्ध आहे.

ऐतिहासिक स्थान पाहणे म्हणजे केवळ तेथे जाऊन आल्याची नोंद करणे नव्हे. किल्ल्यावर गेल्यावर तट-बुरूज दिसतात, राजवाड्यात सिंहासन दिसते, म्हणून तेथील इतिहास डोळ्यांना जाणवतो. महाद्वारासमोर तसे काही दिसत नाही. तेथे एक पायरी आहे, एक समाधी आहे आणि मधे मोकळी जागा आहे. माहिती नसलेला माणूस ती जागा क्षणभरात ओलांडून जातो. माहिती असलेल्याचे पाऊल मात्र तेथे आपोआप सावकाश पडते.

१०. चिंतनासाठी काही प्रश्न

१. नामदेवांनी पायरीची जागा स्वेच्छेने घेतली व चोखोबांना बाहेर राहावे लागले. या दोन गोष्टींतील भेद कोणता?

२. चोखोबांचे अभंग गाणाऱ्यांनाही त्यांच्या समाधीपाशी थांबवलेली माणसे का दिसली नसावीत? आपल्या गावी, आपल्या संस्थेत, आपल्या घरी अशी एखादी न दिसणारी सीमारेषा आज आहे काय?

३. साने गुरुजींनी उपोषणापूर्वी महाराष्ट्राचा दौरा का केला? कायद्याने दार उघडणे व मनाने दार उघडणे यांत कोणते आधी यावे?

४. गाडगे महाराजांनी धर्मशाळा विद्यार्थ्यांसाठी दिली. आपले दान कशासाठी वापरले जावे, याचा विचार दात्याने कसा करावा?

श्रीविठ्ठल कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे. तो भक्ताची वाट पाहत उभा आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ती श्रद्धा खरी मानली, तर महाद्वारासमोर थांबवलेल्या प्रत्येक वारकऱ्याची वाट त्याने सहाशे वर्षे पाहिली, असेच म्हणावे लागते. आज कोणाही यात्रेकरूस त्या पायरीपलीकडे जाण्यास अडथळा नाही. ही मोकळीक कोणत्या मोलाने मिळाली, याची जाणीव ठेवून जो आत जाईल, त्याचे दर्शन अधिक सार्थ होईल.

॥ पुंडलिक वरदा हरी विठ्ठल ॥